ॲमस्टरडॅम ते डब्लिन

"ॲमस्टरडॅम ते डब्लिन साडेसातशे किलोमीटर. विमानाने जेमतेम पावणेदोन तास!" विभावरीने आखातातल्या लुसैलच्या घरातून सकाळपासून तिसऱ्यांदा फॅमिली ग्रुपवर टाकलं. लेक ईश्वरी ॲमस्टरडॅमला, मुलगा श्रेयस डब्लिनला, आणि भाऊबीज असूनही दोघं आपापल्या घरी फुगून बसलेले.

"आई, आमचं भांडण झालंय. आधी त्याने सॉरी म्हणू दे," ईश्वरीने लिहिलं.

"भावाबहिणीत कसला आलाय गं मानपान? मोठी आहेस ना तू? यल्ला, चल, तिकीट काढ आणि जा."

नवरा शिफ्टवर गेलेला, घरात बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी विभावरी नवी साडी नेसली, तबकात निरांजन लावलं आणि बाल्कनीत गेली. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं तिने दरवर्षीप्रमाणे समोरच्या टॉवरमागे उतरत चाललेल्या बीजेच्या कोरीला ओवाळलं. तबकाचा फोटो काढून तोही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "झाली माझी भाऊबीज."

थोड्या वेळाने श्रेयसचा मेसेज आला.



"आई, लुसैल ते अल रय्यान, गाडीने पंचवीस मिनिटं. मामा घरीच आहे, आत्ताच विचारलं मी."