शिट्ट्यांची वेबसाइट

मुलीने जुनी सीडी लावली, तेव्हा दिगंबरराव खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले. कुंदा जाऊन चार महिने झाले होते, आणि तिचा आवाज घरात कुठेच शिल्लक नव्हता.

एकोणीसशे नव्याण्णव साली कुंदाने कॉलनीतल्या प्रत्येक कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली होती आणि स्वतः बनवलेल्या वेबसाइटवर टाकली होती. पार जपानहून लोक तिला ई-मेल पाठवायचे. ती साइट केव्हाच बंद पडली. ही सीडी मात्र तिने जपून ठेवली होती.

"बाबा, बेचाळीस घरं आहेत," मुलगी म्हणाली. "एखाद्या ठिकाणी तरी आई बोलली असेल."

एकेक शिट्टी वाजत गेली. कुंदा कामाला चोख होती. शिट्टीच्या मागचं-पुढचं सगळं बोलणं तिने कापून टाकलं होतं.

"आईचं सगळंच नीटनेटकं बाई!" मुलगी रडता रडता हसली.

शेवटची फाइल त्यांच्याच घराची होती. तेवढी कुंदाने कापली नव्हती. शिट्टी झाली आणि तिच्यामागोमाग दिगंबररावांचाच आवाज खणखणीत आला, "काय येडचापपणा लावलायस! लोक हसतात मला. आधी बंद कर ते!"

दिगंबरराव स्पीकरकडे वाकले. आता ती काहीतरी म्हणेल. उलटून बोलेल, निदान "हो" तरी म्हणेल.

गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या आणि फाइल संपली.