पहिलं उत्तर

“आपल्याकडचा माणूस दुखणं आधी सांगतो का गं? चहा झाल्यावर, उठता उठता सांगतो,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा रूपा हसली होती. “आई, मशीनला चहा कुठे पाजू?”

दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांना रोज फोन करणाऱ्या एआय एजंटने कोणतं टूल कधी वापरायचं, ते जळगावात घरी बसून रूपाच लिहायची. ‘फोन थांबवा’ या टूलपुढे तिने लिहिलं होतं, ‘रुग्ण बरं आहे म्हणाला की वापरा.’

आज धुळ्याकडे गावी एकटे राहणारे तिचे वडील, पायाचं ऑपरेशन झालेले अभिमन आबा, फोन उचलेनात. एजंट त्यांनाही रोज फोन करून विचारतोच आहे, या भरवशावर ती निर्धास्त राहिली होती. तिने त्यांच्या फोनांचं रेकॉर्डिंग उघडलं. एकच फोन निघाला, पहिला. “बठ्ठं बेस शे माय, पन...” सगळं बरं आहे, एवढं ऐकून, पुढच्या ‘पण’साठी न थांबता एजंटने फोन कायमचे थांबवले होते.

“मॅडम, त्याने तुम्ही टूलपुढे लिहिलेलंच तंतोतंत पाळलं,” तिचा वरिष्ठ स्वप्नील व्हिडिओ कॉलवर म्हणाला. “दुरुस्ती पुढच्या महिन्यात घेऊ.”

“पुढच्या महिन्यात? तुझा बाप असता तर आत्ता केली असतीस!” रडतं लेकरू कडेवर घेऊन तिने दाणकन लॅपटॉप मिटला आणि गावाच्या ग्रुपवर लिहिलं: ‘कुणीतरी लगेच आमच्या घरी जा. आबा ओट्यावर दिसले, हसले, तरी परतू नका. पायाची पट्टी उघडून जखम बघा.’