ठण की ठप्प?

"अगं ओवी, ही बॅट भोपळ्यासारखी वाजतेय!" खेळाच्या दुकानामागच्या अंगणात सायलीने नाक मुरडलं. अ‍ॅल्युमिनियमची बॅट कशी ठणकन वाजते. ही कार्बन फायबरची कंपोझिट नुसतंच ठप्प करत होती. सोबत आलेल्या अख्ख्या सॉफ्टबॉल टीमला ठणवालीच हवी होती.

कालच कॅप्टन झालेली ओवी एरवी म्हणाली असती, "तुम्ही म्हणाल ती." पण फटका मारल्यावर या बॅटने हातांना झिणझिण्या येत नव्हत्या.

"काका, एक चेंडू टाका. सावकाश, उंच उडवून."

दुकानदारकाकांनी टाकला. चेंडू तरंगत आला, ओवी थांबली, थांबली, आणि ठप्प! चेंडू थेट शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत.

"कोणी मारला गं?" वरून काकू कडाडल्या.

सगळ्या पोरी ओवीच्या मागे लपल्या.

"मी, काकू!" ओवीने बॅट उंचावली. "आणि आम्ही हीच घेतोय!"