आवाज किती ठेवू?

माझा होणारा नवरा, नागेश. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झालेत. लग्न पुढं ढकला, असं सगळे म्हणत होते. आम्ही ऐकलं नाही. आज सकाळी तारीख धरली आणि दुपारी मी मानवतला डीजे ठरवायला गेले.

आवाज हळू ठेवा, एवढंच सांगायचं होतं. दणदणाट त्याला झेपेल का, या विचारानं मला झोप नव्हती.

डीजेवाल्यानं वही पुढं सरकवली. त्यात आमच्या दोघांची नावं आधीच लिहिलेली. तीच तारीख.

“दादा, हे कधी लिहिलं?”

“काल. एक आजी-आजोबा आल्ते. तुमचेच पाव्हणे असतील. आजीच्या हनुवटीवर तुमच्यासारखाच तीळ होता.”

काल तर तारीखच ठरली नव्हती.

“आणि आजोबा?”

“लय हसरा माणूस. वरची गुंडी उघडी, छातीवर टाक्यांची जुनी खूण. मी इचारलं, आवाज किती ठेवू?”

“काय म्हणाले?”

“आजीकडं बघून हसले. म्हणले, फुल ठेव. त्या दिवशी मी लय नाचलो, कायबी झालं न्हाई.”