झोपेतलं बोलणं

शेजारी देशांच्या महिला फुटबॉल संघांची अंतिम लढत बरोबरीत सुटली आणि आता एकच पेनल्टी उरली होती. हा गोल झाला की कप हातचा गेला, हे गोलरक्षक मुलीला ठाऊक होतं. पलीकडच्या संघाकडून चेंडू मारायला तिची जिवलग मैत्रीणच आली. परदेशातल्या क्लबात दोघी वर्षभर एका खोलीत राहिल्या होत्या. मैत्रीण झोपेत बोलायची. दिवा मालवला की पलीकडच्या पलंगावरून हलकी पुटपुट यायची, "शेवटची पेनल्टी मधोमध... सरळ मधोमध..." गोलरक्षक डोळे मिटून ऐकत राहायची.

शिट्टी कुठून तरी लांबून आल्यासारखी वाटली. स्वप्नात पाय उचलत नाहीत, तशी ती मधोमध, जागच्या जागी उभी राहिली. चेंडू पिसासारखा तरंगत कोपऱ्यातून जाळ्यात गेला.

मैत्रीण आधी धावत आली ती हिच्याच गळ्यात पडायला.

"अगं, तू तर झोपेत मधोमध म्हणायचीस!"

"झोपेत कुठली, वेडे? तू जागी आहेस ना, हे बघूनच म्हणायचे."