मुखपृष्ठावरची ताई

पॉप संगीताचं मासिक तयार करायचा कॉलेजचा प्रकल्प तिनं महिनाभर जीव ओतून केला होता. मुखपृष्ठासाठी तिला एकच चेहरा पटला, माईक धरून हसणाऱ्या ताईचा. गाण्यापायी ताईनं घर सोडलं, तेव्हापासून बाबांनी तिचं नाव टाकलं होतं. बाबा छापखान्यात मशीन चालवायचे. त्यांच्या सुट्टीचा दिवस गाठून ती छपाईला आली, तर मशीनवर बाबाच! "जोडीदार आजारी पडला, म्हणून बोलावलं," ते म्हणाले. तिला काही सुचायच्या आत मशीन धडधडलं. पहिला कागद उचलून बाबांनी दिव्याखाली धरला आणि ते बघतच राहिले. त्यांनी मशीन बंद केलं. आता ते कागद टराटरा फाडणार, असं वाटून तिनं डोळे गच्च मिटले. "चेहऱ्यावर लाल फार चढलाय," बाबांचा आवाज घोगरा होता. "माझ्या पोरीचा रंग गव्हाळ आहे."