निखाऱ्यावरच्या चार ओळी

“यातला एक तरी शब्द तुझ्या नवऱ्याचा आहे का?” न्यायाधीश गॅमननी विचारलं.

“एकही नाही.” टॅबिथा थॉर्ननं टेबलावरच्या बायबलवर हात ठेवला. “कुठल्याच पुरुषाचा नाही.”

“आणि अक्षर?”

“माझंच.”

गॅमननी कवितांच्या वहीची पानं पुन्हा चाळली. शेजारी बसलेले चर्चचे पाळक व्हीलर सफरचंदाची दारू घोट घोट पीत होते. वही चांगली आहे, हे दोघांनाही मान्य होतं. तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर बाईची म्हणून लगेच पटली असती.

बोस्टनच्या धक्क्यावर गलबत उभं होतं, ते शुक्रवारी लंडनला निघणार होतं. वही त्यातून गेली तर छापली जाणार होती, पण कविता बाईच्याच असल्याचा, या दोघांच्या सहीचा दाखला सोबत हवा होता. खोटं निघालं असतं तर टॅबिथाला रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यावी लागली असती. मग वहीची जागा चुलीत.

“एझ्रा, तुझी बायको लिहायला शिकली कुठं?” पाळकांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे मुलींना वाचायला शिकवतात, बायबल वाचता यायला हवं म्हणून. लिहायला शिकवत नाहीत. बाईनं लिहायचं कुणाला?

“तिच्या वडिलांचं कागदाचं दुकान होतं,” एझ्रा म्हणाला. त्याची छाती सकाळपासून फुगलेली होती. “सहा मुली, मुलगा एकही नाही. चिठ्ठ्याचपाट्या लिहायला कुणीतरी हवंच होतं.”

कोपऱ्यात एझ्राची आई चरखा फिरवत लोकर कातत होती. नाव सायलेन्स, म्हणजे मौन. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव तिनं तरुणपणी काही पाळलं नाही. तीस वर्षांपूर्वी भर प्रार्थनासभेत उभी राहून तिनं तेव्हाच्या पाळकांचं चुकलेलं बायबलमधलं वचन दुरुस्त केलं. वचन खरंच चुकलं होतं, म्हणून तर प्रकरण जास्त चिघळलं. चारचौघांत देवाच्या स्तोत्राखेरीज शब्द काढलास तर गावाबाहेर, असं मंडळीनं तिला बजावलं. तेव्हापासून ती दिवसभर स्तोत्रं पुटपुटायची. आता दातही गेले होते. तिचं बोलणं घरात फक्त सुनेला समजायचं.

“आई, पाहुणे आहेत. जरा थांब ना,” एझ्रा म्हणाला.

“असू दे,” पाळक म्हणाले. “कितवं स्तोत्र आहे हे?”

“दात नसले की सगळी स्तोत्रं सारखीच,” गॅमन म्हणाले, आणि दोघं मनापासून हसले. म्हातारीनं मान खाली घातली आणि पुटपुटणं चालू ठेवलं.

गॅमननी वही मिटली. “पाठ केलेलं कुणीही लिहील. आमच्या डोळ्यांसमोर लिही.” त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. चुलीत राखेनं झाकलेला विस्तव होता. “त्या निखाऱ्यावर लिही. चारच ओळी.”

एझ्राच्या कपाळावर घाम आला. टॅबिथानं मात्र शांतपणे कागद उचलला.

“चरख्याजवळ बसू का? त्या आवाजात मला सुचतं.”

“चुलीत बसलीस तरी चालेल,” गॅमन म्हणाले.

ती सासूच्या पायाशी स्टुलावर बसली. चरखा घरघरत होता. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पाळकांचा पेला रिकामा व्हायच्या आत टॅबिथानं कागद पुढं केला. गॅमननी मोठ्यानं वाचलं:

राखेखाली निखारा निजला,
घर म्हणे तो विझला;
पहाटे कुणाची फुंकर लागता
पुन्हा चुलीत हसला.

चरखा थांबला होता.

“हसला,” गॅमन म्हणाले. “हा शब्द पुरुषाला सुचायचा नाही. चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाच सुचणार. पाळकसाहेब, माझी खात्री पटली.”

दाखला तिथंच लिहिला गेला. घरातल्यांची साक्ष म्हणून एझ्रानं झोकात सही केली. सायलेन्सला लिहिता येत नव्हतं. तिनं लेखणी मुठीत धरून फुलीचं निशाण केलं, आणि न्यायाधीशांनी शेजारी तिचं नाव घातलं.

“पुस्तकावर तुझं नाव कसं घालायचं, सूनबाई?” पाळकांनी विचारलं.

“नाव नको. ‘थॉर्नांच्या घरातली एक बाई’ एवढंच घाला.”

“बघ एझ्रा, ही खरी नम्रता.” मग पाळकांनी बोट उगारलं. “पण खरं सांग, मनात गर्व नाही ना? गर्व पाप आहे.”

“आहे,” टॅबिथा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “या घराचा फार गर्व आहे मला. त्याची शिक्षा देव देईल ती घेईन.”

पाळकांनी उगारलेलं बोट खाली घेतलं. त्यांनी टोपी घेतली.

एझ्रा पाहुण्यांचे घोडे सोडायला गेला. जाताना आईच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “पाहिलंस ना आई, कशी सून आणली मी? तुला त्यातलं काय कळलं म्हणा, पण आज आपल्या घराण्याचं नाव झालं.”

दार लागलं. घोड्यांच्या टापा लांब गेल्या. टॅबिथा तो चार ओळींचा कागद घेऊन सासूपुढं गुडघे टेकून बसली.

म्हातारीनं तिच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“भित्री कुठली. मी ‘बोलला’ सांगितलं होतं.”